नक्षी गाडी बदलते

वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या मंडळींना पुलगावचे नाव काढताच आर्वीची छोटी गाडी आठवते. तिचा रूळ अडीच फुटी, तर मुंबई-नागपूर लायनीचा साडेपाच फुटी. छोटा डबा मोठ्या रुळावर चढणार कसा? कापसाच्या गाठी पुलगावास उतरवायच्या आणि दुसऱ्या डब्यात भरायच्या, हाच उपाय. ती गाडी आता बंद झाली. पण हा उतरवण्या-चढवण्याचा व्यवहार आज संगणकात चालतो.

दारावरची लाकडी पाटी हल्ली लेझरने कोरून मिळते. कोणी तीवर आजोबांची सहीदेखील कोरून घेतात. पण तिचा आराखडा दुकानदाराच्या यंत्राला कळणाऱ्या फाइलीतच पडून असतो. उद्या मुलाने पुण्यास बिऱ्हाड केले आणि तशीच पाटी हवी म्हटले, तर तिथला कारागीर म्हणतो, "ही फाइल आमच्याकडे उघडत नाही!" मूळ दुकान बंद झाले असेल, तर सहीही गेलीच म्हणायची.

यावर तोड म्हणजे डीएक्सएफ. ऑटोडेस्क कंपनीने १९८२ साली ऑटोकॅडबरोबर आणलेला हा प्रकार खास देवघेवीसाठीच आहे. सामान्यतः ही फाइल म्हणजे साधा मजकूर, आकड्यांच्या जोड्याच म्हणा ना! वर्तुळ असेल, तर १० आणि २० या खुणांखाली मध्यबिंदू आणि ४० खाली त्रिज्या. इतकी सरळ भाषा असल्यामुळे ड्रॉइंगचे बहुतेक प्रोग्रॅम ती वाचतात. मात्र फाइलीचे नुसते नाव बदलून भागत नाही. डब्यावरची पाटी बदलली म्हणून रूळ रुंद होत नाही. ज्या प्रोग्रॅममध्ये आराखडा केला, त्यातच तो उघडून 'एक्स्पोर्ट' करावा लागतो.

या बदलीत रेघा पोहोचतात, पण सगळेच पोहोचत नाही. फोटो मागे राहतो. भरीव कोरलेल्या भागाची बहुधा नुसती कडच उरते. लेझरची गती आणि शक्ती किती ठेवली होती, हेही जात नाही; ते कागदावर टिपून ठेवावे. मापाचे तर विशेष सांभाळा. जुन्या धाटणीच्या डीएक्सएफमध्ये आकडा असतो, एकक नसते. शंभर मिलिमीटरची पाटी कोणी शंभर इंच समजून उघडली, तर ती २५४० मिलिमीटरची होते. दरवाजापेक्षा पाटी मोठी!

आपल्या देवनागरीची गंमत आणखी निराळी. अक्षरे आधी रेघांत बदलून घ्यावी लागतात, नाहीतर दुसऱ्या संगणकात तो फॉन्ट नसला की जोडाक्षरे विस्कटतात. शिवाय पुष्कळ फॉन्टांत प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. कागदावर ते दिसत नाही. लेझर मात्र प्रत्येक कड इमानाने गिरवतो आणि शिरोरेघेत उभ्या चिरा पडतात. म्हणून 'वेल्ड' करून सर्व अक्षरांची एकच बाह्यरेषा करून घ्यावी आणि मगच फाइल काढावी.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत पाटी करवून घ्याल, तर पैसे देण्यापूर्वी दोन फाइली मागा: एक मूळची, दुसरी डीएक्सएफ. सोबत एका चिठ्ठीवर पाटीची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. घराची कागदपत्रे ठेवता, त्याच कपाटात हेही राहू द्या.