हिरवळ गादीसारखी कां दबते ?

हरळीचें नांव काढतांच शेतकऱ्याच्या कपाळावर आठी उमटते. काळ्या रानांत ती शिरली म्हणजे नांगर, कुळव आणि माणसांचे हात सारखेच थकतात. मुंबईंत हीच हरळी पैसे मोजून लावतात ! परळ-लालबागच्या ज्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेल्या, त्यांपैकीं अनेकांच्या जागीं आज उंच इमारती आहेत. आणि कित्येक ठिकाणीं मोटारी ठेवण्याच्या मजल्यावरील छतावर माती पसरून हिरवळ केलेली असते. ती राखणारे हात पुष्कळदां आपल्याच गांवांतून गेलेले असतात. म्हणून हा विषय येथें घेण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

परळ येथें अशीच एक हिरवळ आम्ही गेल्या दसऱ्याच्या सुमारास पाहिली. वरून हिरवीगार, पण पाय ठेवला कीं कापसाच्या गादीसारखा आंत जाई. माळी पाणी कमी घालतो, असें चालकांचें निदान. उपाय म्हणून दिवसांतून दोनदां पाणी आणि वर युरिया. रोगच औषध म्हणून पाजण्याचा हा प्रकार होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

निदानास विद्वत्ता लागत नाहीं. खुरप्यानें चार बोटें खोल पाचर कापून काढावी. हिरवें पातें व माती यांमध्यें मेलेल्या खोडांचा व मुळांचा तपकिरी थर दिसेल. तो अर्ध्या इंचापर्यंत असल्यास हितकारकच. त्याहून जाड असल्यास पायाखालची गादी तीच. नत्र फार मिळालें कीं गवत कुजण्याच्या वेगाहून अधिक वेगानें वाढतें, आणि रोजच्या उथळ पाण्यानें मुळ्या खालीं न जातां त्या थरांतच राहतात. कापलेलीं पातीं पडूं दिल्यानें थर सांचतो, हा समज बरोबर नव्हे. पातीं लवकर कुजतात, चिवट खोडें कुजत नाहींत.

थर पातळ असून माती काळपट व कुजक्या वासाची निघाली, तर पाणी तुंबलें आहे. छतावर खालीं काँक्रीट; निचऱ्याचें तोंड गाळानें बुजलें कीं सगळ्या मातीचा चिखल. गवत सतरंजीसारखें उचलून हातांत आलें, तर हुमणीनें मुळें खाल्लीं असावींत. ऊंस व भुईमूग लावणाऱ्यास तिची ओळख करून देणें नको.

थरावर उपाय, पाऊस उघडल्यावर व गवताची वाढ चालू असतां, लोखंडी दंताळें उभें-आडवें ओढणें हा होय. सगळा थर एकदम काढूं नये, जमीन उघडी पडते. मग काट्यानें तीन इंच खोल भोंकें पाडावीं (छतावर खालचा पाणीरोधक थर सांभाळून), आणि वाळू व चाळलेलें कंपोस्ट पाव इंच पसरावें. पाणी माती सुकूं लागल्यावरच, पण पोटभर द्यावें.

चालकांचा दुसरा बेत, सगळी माती फेंकून लाल मातीच्या नव्या गाड्या मागविण्याचा होता. ती माती कोणाच्या तरी माळावरूनच खणून येते, याचा त्यांना पत्ताही नव्हता. आम्ही त्यांच्यासमक्ष पाचर कापली. थर दोन बोटें भरला. युरिया बंद करून पाणी चार दिवसांआड देण्यास ते कसेबसे तयार झाले आहेत. माळ्याचा कापलेला पगार परत देण्याविषयीं मात्र अद्याप मौन आहे.