शाळेचा प्राण : मुख्याध्यापक

मराठवाड्यात शिक्षणाचा विषय निघाला की सेलूचे नाव आदराने घेतले जाते. निजामी राजवटीत राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्या काळात आपली भाषा व आपले संस्कार टिकवायचे, तर आपली शाळा हवी, हे येथील समाजाने ओळखले. स्वामी रामानंद तीर्थ मुक्तिसंग्रामाचे सेनानी झाले, त्याआधी ते हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शाळेचे मुख्याध्यापक होते, हा योगायोग नव्हे. 17 सप्टेंबर 1948 चा दिवस उगवण्यापूर्वी त्याची पूर्वतयारी अशा शाळांच्या वर्गांतून झाली होती.

या इतिहासाचा अभिमान आपण बाळगतो. परंतु त्या शाळांचे नेतृत्व करणारी माणसे कशी घडली आणि आज आपण ती घडवतो काय, या प्रश्नाकडे मात्र पाठ फिरवतो. त्याचे उत्तर शोधताना आपल्याच महाराष्ट्रातील एका चिमुकल्या समाजाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. तो समाज म्हणजे कोकणातील बेने इस्रायल.

परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले आणि वाचलेली कुटुंबे तेथेच वसली. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांनी मराठी आपली मानली. केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावे पाहिली तरी ते कोणत्या मातीचे, हे निराळे सांगावे लागत नाही. जगात बहुतेक ठिकाणी ज्यूंचा छळ झाला, हिंदू समाजाने मात्र त्यांच्या उपासनेला कधी आडकाठी केली नाही. हे ते स्वतःच कृतज्ञतेने सांगत आले आहेत.

या समाजातील हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली मुंबईत शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मुलांना आधुनिक विद्या मिळावी आणि हिब्रूही विसरली जाऊ नये, असा दुहेरी हेतू तिच्यामागे होता. त्याच शतकात याच समाजातील जोसेफ इझिकेल राजपूरकर मुंबईच्या डेव्हिड ससून संस्थेच्या शाळेचे चाळीस वर्षे मुख्याध्यापक होते. मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणूनही त्यांनी काम केले आणि हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. म्हणजे शाळेचा कारभार पाहणारा माणूस समाजाच्या ज्ञानपरंपरेचाही वाहक होता.

याच परंपरेतील पुढचे नाव रिबेका रूबेन यांचे. त्या पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. 1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत त्या पहिल्या आल्या. त्यांनी इंग्लंडला जाऊन अध्यापनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि केंब्रिजमध्ये हिब्रूचा अभ्यास केला. 1922 ते 1950, सलग अठ्ठावीस वर्षे, त्या केहिमकरांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शाळेच्या भिंतींबाहेरही त्यांचे काम चालू होते. समाजासाठी त्यांनी वार्षिकांक संपादित केला. इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकांची मालाही लिहिली, आणि त्या मालेचे नाव होते ‘अशोक’.

हा काळ त्या समाजासाठी सोपा नव्हता. 1917 व 1918 मध्ये त्यांच्या दोन वेगवेगळ्या प्रातिनिधिक संस्था उभ्या राहिल्या. 1925 मध्ये डॉ. जेरुशा झिराड प्रभृतींनी उदारमतवादी उपासनेची चळवळ मुंबईत सुरू केली. परंपरानिष्ठ एका बाजूस, सुधारक दुसऱ्या बाजूस. कोणाची दृष्टी जेरुसलेमकडे, तर कोणाची भारतीय स्वातंत्र्याकडे. इतके मतभेद असताना मुले मात्र एकाच शाळेत शिकवायची होती. अशा शाळेचे नेतृत्व एखाद्या गटाच्या हस्तकाला पेलणारे नव्हते. त्यासाठी सर्वांनी मान तुकवावी अशा विद्वत्तेची व्यक्ती हवी होती, आणि समाजाने ती नेमली. त्या काळी एका स्त्रीच्या हाती हे सुकाणू त्यांनी दिले, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे.

इस्रायलच्या स्थापनेनंतर हा समाज मोठ्या संख्येने तिकडे गेला. 1951 साली भारतात 26 हजारांच्या आसपास असलेले ज्यू 2011 च्या जनगणनेत पाच हजारांच्या आत आले. माझगावची ती शाळा मात्र बंद पडली नाही; इतर समाजांची, विशेषतः मुस्लिम मुले तेथे शिकू लागली. संस्थापकांचा समाज निघून गेल्यावरही शाळा उभी राहते, याचा अर्थ तिचा पाया भक्कम घातला गेला होता.

आता आपल्याकडे वळू. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली यांनुसार पात्र शिक्षकांतील सेवाज्येष्ठ व्यक्तीच सामान्यतः मुख्याध्यापक होते. अल्पसंख्याक व्यवस्थापनांना मुख्याध्यापक निवडीची मोकळीक आहे, इतरांना नाही. हा भेद अनेक संस्थाचालकांना सलतो आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ज्येष्ठतेचा नियम आला, तो नातेवाईक आणि मर्जीतील माणसे खुर्चीवर बसवण्याच्या प्रवृत्तीला आळा घालण्यासाठी. तो दोष आपल्यात नव्हता, असे छातीवर हात ठेवून किती जण म्हणतील?

शिवाय नियम निवडीला बांध घालतो, तयारीला नाही. पुढील दहा वर्षांत कोण मुख्याध्यापक होणार, हे ज्येष्ठतेच्या यादीत आजच लिहिलेले आहे. मग त्या चार-पाच शिक्षकांना आजपासून ग्रंथ, प्रवास, प्रशिक्षण आणि जबाबदारी देण्यापासून आपल्याला कोणी रोखले आहे? पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत माहितीचे तक्ते भरण्यात मुख्याध्यापकाचा दिवस संपतो, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. तो भार उचलणारा एखादा कारकून संस्थेने स्वखर्चाने नेमला, तर मुख्याध्यापक पुन्हा वर्गात जाऊ शकेल. इमारतीसाठी देणगी मागताना आपण संकोचत नाही. माणसासाठी मागताना का संकोचावे?

मूठभर लोकांच्या समाजाने शाळा काढली आणि तिच्या शिखरावर आपल्यातील सर्वोत्तम बुद्धी बसवली. आपण तर संख्येने कोट्यवधी आहोत. आपल्या घरातील सर्वांत हुशार मुलगी ‘मला शिक्षिका व्हायचे आहे’ असे म्हणाली, तर आपल्या चेहऱ्यावर आनंद उमटेल की निराशा? सेलूच्या आणि मराठवाड्याच्या शाळांचे भवितव्य या उत्तरावर अवलंबून आहे.