डाळीच्या डब्यातले पैसे

मैत्रिणींनो, वर्षाची साठवण भरायची म्हणून परवा सगळे डबे धुऊन उन्हात घातले. त्यात हरभऱ्याच्या डाळीचा पितळी डबा हाती आला आणि एक जुनी गोष्ट आठवली. सांगायला जरा लाज वाटते. पण अशी गोष्ट कितीतरी घरांत वेगवेगळ्या डब्यांतून घडली असणार, म्हणून सांगतेच.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. जेवणं आटोपून बातम्या लावल्या, तर पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद! हे हसून म्हणाले, "आपल्याला काय त्याचं? आपल्या घरात कुठे आहेत एवढ्या नोटा!" माझ्या पोटात मात्र गोळा आला. डाळीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, माझे साडेतेरा हजार रुपये होते. अर्धवेळ नोकरीच्या पगारातून, भाजीच्या पैशांतून, भाऊबिजेच्या ओवाळणीतून चार वर्षं साठवलेले.

दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी पिशवी ह्यांच्यापुढे ठेवली. वाटलं, आता रागावणार. पण हे रागावले नाहीत, नुसते गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "जूनमध्ये मुलीच्या प्रवेशाच्या वेळी मी एकांकडून दहा हजार घेतलेत. महिना शेकडा तीननं. तुला उगीच काळजी नको, म्हणून बोललो नाही."

महिना शेकडा तीन! ऐकायला किती लहान वाटतं. पण दहा हजारांवर महिन्याला ३०० रुपये, म्हणजे वर्षाला ३,६०० झाले की नाही? छत्तीस टक्के! पाच महिन्यांचे १,५०० रुपये व्याज भरून झालं होतं आणि मुद्दल जागच्या जागी. मी पैसे साठवत होते ते अडीअडचणीसाठी. ती अडचण घरात येऊन पाच महिने बसली होती, आणि पैसे डाळीखाली झोपले होते!

रांगेत उभं राहून ते पैसे मी माझ्या खात्यात भरले, आणि ते कर्ज आधी फेडून टाकलं. त्या रात्री आम्ही दोघांनी शाळेची एक जुनी वही घेतली. तेव्हापासून आमच्या घरात ज्या सवयी लागल्या, त्या आज तुमच्यापुढे मांडते.

पहिली सवय वहीची. पानावर तीनच रकाने : आलं, गेलं, ठेवलं. रात्री दूध विरजायला लावलं की दहा मिनिटं वहीला. ह्यांचाही खर्च त्यातच, माझाही त्यातच. हल्ली भाजीवालीकडेसुद्धा मोबाइलवरून पैसे देता येतात. सोय खरी, पण पाकिटातली नोट मोडताना हात जसा आखडतो, तसा मोबाइलवर आखडत नाही. म्हणून ते खर्च तर आवर्जून लिहायचे. एक मात्र सांगते, वही ही एकमेकांची उलटतपासणी घेण्यासाठी नव्हे. "एवढे कशाला खर्च केलेस?" हा प्रश्न आला, की दुसऱ्या दिवसापासून माणूस खोटं लिहायला लागतो. आमच्याकडे हिशेब विचारायचा तो महिन्याच्या पहिल्या रविवारी, चहा घेताना, आणि तोही वहीला!

दुसरी सवय वर्षाच्या खर्चाची. आपलं महिन्याचं गणित सहसा बिघडत नाही. बिघडवतात ते वर्षातून एकदा येणारे खर्च. जून दरवर्षी येतो, गणपती दरवर्षी येतात, तरी आपण दरवर्षी दचकतोच. आम्ही एकदा यादीच केली. शाळेची फी, पुस्तकं, गणवेश १८,०००, गणपती-दिवाळी १५,०००, विम्याचा हप्ता १२,०००, स्कूटरचा विमा आणि घरपट्टी ६,०००, लग्नामुंजीचे आहेर ३,०००. बेरीज ५४,०००. बारानं भागलं, तर महिन्याला ४,५००. पगार झाला की हे साडेचार हजार आधी एका वेगळ्या बचत खात्यात जातात, आणि उरलेल्यात घर चालतं. "उरले तर टाकू" म्हटलं की उरत नाहीत, हा तुमचाही अनुभव असेल. तुमचे आकडे वेगळे असतील, भागाकार मात्र तोच.

तिसरी सवय, साठवलेला पैसा डब्यात ठेवायचा नाही. नोटा बंद झाल्या नाहीत, तरी डब्यातला पैसा झिजतोच. त्याचं एक सोपं गणित आहे. महागाई ज्या टक्क्यानं वाढते, त्या आकड्यानं ७२ ला भागा. महागाई सहा टक्के धरली तर उत्तर येतं १२. म्हणजे आज डब्यात ठेवलेल्या शंभराच्या नोटेत बारा वर्षांनी साधारण पन्नासाचाच माल येणार! पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू करता येते, मुदत पाच वर्षांची. महिना ५०० टाकलेत तर पाच वर्षांत ३०,००० भरले जातात, वर व्याज वेगळं.

भिशीबद्दल पुष्कळजणी विचारतात. भिशीनं बचतीची शिस्त लागते, चार मैत्रिणी भेटतात, हे सगळं खरं. पण तिथे व्याज मिळत नाही, आणि आधी उचल घेतलेलीनं पुढचे हप्ते थांबवले तर सगळ्यांचंच तोंड कडू होतं. म्हणून भिशी ओळखीतली आणि लहान रकमेची असावी. सगळी बचत तिच्यात घालू नये.

आणखी एक, पैसे कुठे ठेवता तेही पाहा. बँक बुडाली तर दर ठेवीदाराला, एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे. त्याआधी ती १ लाखच होती. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे, पण पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. कोपऱ्यावरची पतसंस्था एखादा टक्का जास्त देते म्हणून मंगळसूत्राच्या पैशांपर्यंत सगळं तिथे नेऊन ठेवण्याआधी, पाटीवर 'बँक' लिहिलंय की 'पतसंस्था', एवढं तरी वाचा.

आता तुमच्यापैकी काहीजणी मनात म्हणत असतील, "बाई, तुमचे यजमान समंजस म्हणून तुम्ही पिशवी पुढे ठेवलीत. आमच्याकडे दाखवलेला पैसा दुसऱ्या दिवशी दिसत नाही." खरं आहे. ज्या घरात बाईनं साठवलेलं दारूत किंवा पत्त्यांत जातं, तिथे सगळं उघड करा असं मी म्हणणार नाही. लपवलेला पैसा तिथे तिचा आणि मुलांचा आधार असतो. पण तिथेसुद्धा डबा नको. डबा कुणालाही सापडतो. फक्त स्वतःच्या नावाचं खातं काढा. २०१४ पासून जनधन योजनेत शून्य शिल्लकेवरही खातं निघतं. पासबुक हवं तर आईकडे ठेवा, पण एटीएमचा गुप्त क्रमांक कुणालाही, अगदी कुणालाही सांगू नका.

ज्यांच्या घरात मात्र अडचण रागाची नसून नुसत्या संकोचाची आहे, त्यांनी तो एकदा मोडून पाहावा. आम्ही दोघंही एकमेकांना जपत होतो, आणि त्या जपण्याची किंमत महिना ३०० रुपये पडत होती! आज रात्री मुलांच्या वह्यांतली एखादी अर्धी कोरी वही शोधा. पहिल्या पानावर घरातली देणी आणि घरातली शिल्लक, दोन्ही दोघांनी मिळून लिहा. पहिला दिवस जड जातो. दुसऱ्या दिवशी बरंच हलकं वाटतं, हे मी अनुभवानं सांगते.

आमच्या पितळी डब्यात आता नुसती डाळ असते. आणि पुरणाला कमी पडली, तर ती किती आणायची, हेसुद्धा वहीत लिहिलेलं असतं!