पैसा कधी येतो, हे आधी विचारा

पुणे-सोलापूर महामार्गावर यवतजवळचं कासुर्डी प्रवाशांना पूर्वीच्या टोलनाक्यामुळे ठाऊक. अशा गावात आर्थिक साक्षरतेचं शिबिर ठरलं की बचतीचं महत्त्व सांगितलं जातं, योजनांची माहितीपत्रकं वाटली जातात. गावाला नेमकं काय हवं, ही चौकशी मात्र राहून जाते.

कासुर्डीच्या आसपास, दौंड-शिरूरच्या बागायती पट्ट्यात, एकाच आळीत पैसा वेगवेगळ्या वेळी येतो. आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेतात उभा. कारखान्याला गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) द्यावी, असा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. दुधाचं बिल बहुधा दहा दिवसांनी होतं. खुरपणीची मजुरी आठवडी बाजाराच्या सुमारास हातात पडते, पाऊस लागला की तीही बुडते. गटकर्जाचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी भरावाच लागतो. म्हणून वार्षिक उत्पन्नाच्या आकड्याआधी हे विचारावं: हातउसने कोणत्या महिन्यात मागावे लागतात, आणि कुणाकडे?

गावच्या पीककर्ज देणाऱ्या सोसायटीतलं ‘नवं-जुनं’ घ्या. मुदतीत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शून्य टक्के व्याज पडतं. पण हाती पैसा नसलेला शेतकरी खासगी उसनवारी करून कर्ज भरतो आणि नवं कर्ज मंजूर झालं की ती फेडतो. मधल्या दिवसांचं व्याज कुठल्या कागदावर येत नाही. वाट्याने शेती करणाऱ्याच्या नावावर तर सातबाराही नसतो.

अडाण्यांना हिशेब कळत नाही, हा समज सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी केव्हाच खोटा ठरवला. प्रवर्तकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने त्यांचा बँक काढण्याचा अर्ज फेटाळला होता. व्याजाची गणितं आम्हाला तोंडी विचारा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मजुरी बुडवून बँकेत येणं परवडत नाही, हे बायकांकडून कळल्यावर बँकेची माणसं त्यांच्या दारात गेली.

कासुर्डीत पैसा कधी येतो आणि कधी अडतो, याची पाहणी महिला ग्रामसभेपासून सुरू करावी. वेळ बाया रानातून परतल्यावरची हवी. सोसायटीच्या संचालकांसमोर कुणी आपली देणी सांगणार नाही, तेव्हा ते तिथे नसावेत. सूक्ष्म कर्ज देताना घरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम तिथेच प्रत्येकीच्या हप्त्यांशी ताडून दाखवावा.