घोणसपूरची वाट कोण चालणार?



भाताची मळणी उरकली, नाचणी कणगीत पडली, शाळू हुरड्याला आला. ज्यांच्या उसाला तोड यायला अवकाश आहे त्यांना आता चार दिवस उसंत आहे. या दिवसांत या सदरात हरभऱ्यावरची घाटे अळी यायची, पण ती पुढच्या अंकी. आज मी तुम्हांला पायी फिरायला चला म्हणणार आहे.

हसू नका. “आम्ही काय कमी चालतो होय साहेब?” असे कराडकडचा किंवा वाळव्याकडचा शेतकरी म्हणेल, आणि ते खरेच आहे. ज्ञानोबांची पालखी लोणंद-फलटणवरून जाते तेव्हा आपल्यातली कितीतरी घरे तिच्याबरोबर पंढरीला चालत जातात. पण आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्याला टेकून जी गावे आहेत, त्यांच्यात एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारी पायवाट आपल्यापैकी किती जणांनी तुडवली आहे? महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी खाऊन येतो, कासच्या पठारावर फुले बघून येतो, आणि गाडी वळवतो. तिथून पुढे खरा डोंगर सुरू होतो.

एक वाट उदाहरणादाखल सांगतो. महाबळेश्वरावरून रडतोंडीचा जुना घाट खाली पार गावी उतरतो. १६५९ साली अफझलखानाची फौज याच घाटाने उतरली. चढउतार अशी की नावातच सगळे आले. पारला रामवरदायिनीचे देऊळ आहे आणि कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल अजून उभा आहे. तो पाहूनच पुढे जा. त्या काळच्या गवंड्याने पुराचे पाणी कसे ओळखले होते, हे बांधबंदिस्ती करणाऱ्या माणसाला तिथे उभे राहिले की कळते. पुढे कोयनेच्या खोऱ्यात चतुर्बेट. तिथून मकरंदगडाच्या अंगाने चढत गेले की सुमारे चार हजार फुटी गडाच्या निम्म्यावर घोणसपूर लागते. मल्लिकार्जुनाचे देऊळ, थोडी घरे, उतारावर नाचणी-वरीच्या पट्ट्या. गडाची दोन शिखरे आणि मधला खोलगट भाग लांबून घोड्यावरच्या खोगिरासारखा दिसतो, म्हणून इंग्रजांनी त्याला ‘सॅडलबॅक’ म्हटले. आपले ‘मधु-मकरंद’ हे नाव त्याहून गोड. घोणसपुराहून दुसऱ्या अंगाने हातलोटला उतरता येते, आणि हातलोटचा घाट थेट कोकणात, खेड तालुक्यातल्या बिरमणीला जातो.

असल्याच घाटांनी पूर्वी मीठ आणि सुकी मासळी वर यायची, मिरची, गूळ आणि कडधान्य खाली जायचे. माल डोक्यावर किंवा बैलाच्या पाठीवर. मला मात्र यापेक्षा वेगळ्याच एका मालाचे अगत्य वाटते. लेक एका वाडीतून दुसऱ्या वाडीत दिली जायची, आणि तिच्या ओटीतून, गाठोड्यातून बी जायचे. कुठली नाचणी लवकर निसवते, कुठली वरी उतारावरच्या मुरमाड जमिनीत तग धरते, हे बियाणे आणि हे ज्ञान दोन्ही सासर-माहेरच्या पायवाटेवरून हिंडत होते. आमच्या खात्याचा प्रात्यक्षिक प्लॉट तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून.

आता या वाटा मोडत चालल्या आहेत. डांबरी रस्ता गावाला तालुक्याच्या बाजाराशी जोडतो, दवाखान्याशी जोडतो. तो हवाच, आजाऱ्याला डोलीत घालून डोंगर उतरणाऱ्यांना त्याची किंमत विचारा. पण डोंगरापलीकडच्या शेजारच्या गावाशी जोडते ती पायवाटच. रस्ता झाला की माणूस जीपने वळसा घालून जातो, किंवा जातच नाही. सह्याद्रीच्या पावसात दोन-तीन वर्षे पाऊल पडले नाही की वाटेवर कारवी माजते, कडेने घाणेरी आणि रानमोडी सरकतात. चौथ्या वर्षी गावातला जाणता म्हातारा बरोबर असल्याशिवाय वाट सापडत नाही. आणि म्हातारेच तेवढे गावात उरले आहेत. जावळी-पाटणची तरणी पोरे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली, माथाडी झाली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील हेही पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचेच. मुंबईच्या मनिऑर्डरीवर या डोंगरातली चूल कितीतरी वर्षे पेटली.

काही वाटा तर पाण्याखालीच गेल्या. कोयनेचे धरण झाले, शिवसागर पसरला, आणि समोरासमोरची गावे लाँचच्या अंतरावर गेली. पुढे १९८५ साली कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये झाली, २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवली हे गाव उठले, आता तिथे जुन्या वस्तीच्या खुणा तेवढ्या आहेत. चांदोलीच्या रानातली गावेही उठून खाली नव्या वसाहतींत आली. शिराळा तालुक्यातल्या वाचकांपैकी काहींचे मूळ घर त्या रानात होते. वाघासाठी जंगल राखले हे मला पटते. पण ज्यांनी घर सोडले त्यांच्या वाटा वाया गेल्या हेही तितकेच खरे, आणि आता तिथे परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही. वासोट्याला जायचे तर बामणोलीत वन खात्याची परवानगी घेऊन लाँचने जावे लागते, वर मुक्काम करता येत नाही. नियम पाळा. गवा आणि अस्वल तुमची ओळख विचारत नाहीत.

सांगलीकरांना वाटायला नको की सगळे साताऱ्यालाच दिले. शिराळा तालुक्यात गुढे-पाचगणीचे पठार आहे, पवनचक्क्या फिरतात ते. एका अंगाला वारणेचे खोरे, दुसऱ्या अंगाला पाटणमधले ढेबेवाडीचे खोरे. सड्यावरून चालताना दोन्हीकडची शेते दिसतात. मुलांना न्यायला, सुरुवात करायला, ही जागा चांगली.

दूर आर्मेनिया नावाचा एक लहानसा डोंगराळ देश आहे. तिथल्या दिलिजानच्या जंगलात जुन्या गावच्या वाटा साफ केल्या, दगडांवर-झाडांवर रंगाच्या खुणा केल्या, आणि त्या मोठ्या लांब वाटेला जोडून दिल्या. लोक पार्झ तळ्यापासून चालत गोश नावाच्या गावी येतात, जुना मठ बघतात, गावातल्याच घरात उतरतात आणि घरचेच जेवतात. जमिनीत पुरलेल्या ‘तोनीर’ नावाच्या भट्टीच्या भिंतीवर थापून भाजलेली लवाश ही पातळ रोटी ताटात असते. २०१४ साली युनेस्कोने ती जगाच्या वारशात धरली. आपला कास-कोयना-चांदोलीचा पट्टाही २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. नाचणीच्या भाकरीला मात्र अजून आपल्याच लग्नाच्या पंगतीत जागा नाही.

तेव्हा डोंगरातल्या माझ्या वाचकांनो, तुमच्यासाठी थोडे. चालणारा माणूस दारात आला तर त्याला बाजारातल्या नूडल्स करून घालू नका. त्या त्याच्या घरी आहेत. भाकरी, कुळथाचे पिठले, ठेचा, ताक, एखादी रानभाजी. जेवणाचा आणि मुक्कामाचा दर आधीच सांगा. पाहुण्याकडून पैसे कसे घ्यायचे, हा संकोच मी घरोघरी पाहिला आहे. मग जाताना तो मनाला येईल ते देतो, आणि दोघांनाही ओशाळे वाटते. संडास स्वच्छ आणि पाणी उकळलेले, एवढे झाले की अंथरूण साधे असले तरी चालते. नाचणी, हिरडा, मध किलोच्या पिशवीत बांधून ठेवा. महाबळेश्वरजवळच्या मांघरने मधावर नाव काढले, २०२२ साली ते देशातले पहिले ‘मधाचे गाव’ झाले. घरातली एक-दोन माणसे वाटाड्या म्हणून जाणार असतील तर त्यांची मजुरी वेगळी लावा, ती दिवसाच्या शेतमजुरीपेक्षा कमी नको. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले, पर्यटन महामंडळाची न्याहारी-निवास योजनाही आहे. ग्रामसेवकाला किंवा आमच्या कृषी सहायकाला गाठा आणि नोंदणीचे कागद समजून घ्या.

आणि जमिनीचे. नवीन महाबळेश्वरच्या आराखड्यासाठी २०१९ साली सातारा-जावळी-पाटणमधली दोनशेहून अधिक गावे रस्ते विकास महामंडळाच्या नियोजनाखाली आली. तेव्हापासून सड्यावरच्या पडीक जमिनीला गिऱ्हाईक येते. पैसा दिसतो, पण मुंबईतल्या भावांच्या सह्या गोळा करून जमीन विकली की उद्या त्याच सड्यावर कुंपण पडते, आणि गावाची वाट कुंपणापाशी संपते. विकण्याआधी सातबारा, सर्व हिस्सेदार आणि त्या जमिनीतून जाणारी वहिवाटीची वाट, या तिन्हींचा विचार करा. वाट तहसीलदारांकडे नोंदवता येते, अर्ज करा.

चालायला निघणाऱ्यांसाठी शेवटचे. आता ते माघ संपेपर्यंतचा काळ चांगला. पावसात जळवा आणि घसरड, उन्हाळ्यात पाण्याचे हाल. पायात जुना वापरलेला बूट घाला, नवा नको. दगड उचलू नका, खाली फुरसे असते. कड्यावर आग्या मोहोळ दिसले तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. गवत वाळले आहे, एक विडी अख्खा डोंगर पेटवते. वरीच्या खाचरातून आडवे जाऊ नका, बांधाने चला. आणि वस्तीवर जाताना हात हलवत जाऊ नये. सोबत चहापूड, साखर, आजीसाठी तंबाखूची पुडी, पोरांसाठी वही-पेन्सिल न्या. वाळव्याची बाई असेल तर घरच्या गुळाची एक ढेप घ्यावी. घोणसपूरच्या चढावर ती जड वाटेल खरी, पण वर पोचल्यावर तिचाच चहा मिळेल.