दुधाचा रतीब बंद झाला तर...



हल्ली बऱ्याच घरांतून एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. कॉलेजात जाणारी मुलगी, नाहीतर मुलगा, एके दिवशी जाहीर करतो, "आजपासून मी व्हीगन!" म्हणजे मटण-मासे-अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, पनीर आणि मधसुद्धा नाही. आमच्याकडे शिकायला राहिलेल्या पुतणीने गेल्या वर्षी हेच केलं. सासूबाईंना काळजी तिच्या हाडांची, ह्यांना काळजी बिलाची, आणि मला अर्थातच दोन्हींची!

ह्यांची काळजी अगदीच खोटी नव्हती. मोठ्या दुकानांतून बदामाच्या दुधाचा लिटरचा डबा दोन-तीनशे रुपयांच्या घरात जातो. असे चार डबे आणले की मधल्यामध्ये महिन्याच्या तेलाचे पैसे गेलेच म्हणून समजा. पण वाण्याची यादी पुढ्यात घेऊन बसलात तर काय दिसेल? डाळी, कडधान्यं, पोहे, रवा, पिठं, शेंगदाणे, तीळ, गूळ, खोबरं! यात दूध आहेच कुठे? पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरली वांगी, थालीपीठ, अळूचं फदफदं, जवसाची नि कारळ्याची चटणी, हे सगळं आपण वर्षानुवर्षं करतोच आहोत. भातावरचं तूप नि थालीपिठावरचं लोणी तेवढं वगळायचं. तेव्हा पहिला नियम हा, की एका माणसासाठी निराळा बाजार करायचा नाही.

दुधाऐवजी काय?

चहा-खिरीपुरतं दूध घरीच करता येतं. वाटीभर शेंगदाणे रात्री भिजत घाला. सकाळी चोळून साली काढा, चार वाट्या पाणी घालत मिक्सरमधून बारीक वाटा, स्वच्छ फडक्यातून गाळा आणि ढवळत ढवळत दहा मिनिटं उकळा. पाव किलो शेंगदाण्यांत साधारण लिटरभर दूध होतं, आणि सध्याच्या भावाने ते पन्नास रुपयांच्या आत बसतं. चोथा टाकू नका हं! थालीपिठात किंवा चटणीत छान लागतो. हे दूध चहा उतरवल्यावर घाला, आल्याबरोबर उकळलं तर फाटायची भीती. फ्रिजमध्ये दोन दिवसच ठेवा. शेंगदाणे घेताना बुरशी लागलेला, कडू दाणा मात्र अजिबात नको.

गोडाधोडाला नारळाचं दूध आहेच. सासूबाईंचं माहेर मालवणकडचं. पहिले आठ दिवस त्या गप्पच होत्या. नंतर एका रविवारी आपणहून म्हणाल्या, "अगं, शिरवळ्या तर आम्ही नारळाच्या रसातच खात आलो. त्यात गाईचं दूध कधी होतं?" आणि ताकाऐवजी जेवणावर सोलकढीचा पेला ठेवला की कुणाची तक्रार राहत नाही.

हाडांची काळजी

१०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेवढ्याच गाईच्या दुधात ते १२० च्या आसपास भरतं. नाचणीतलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून ती भिजवून, मोड आणून दळलेली बरी. जोडीला रोज चमचा-दोन चमचे तिळाची चटणी असू द्या. तीळ न सोललेले घ्या, कारण कॅल्शियम बरंचसं सालीत असतं. पालकावर मात्र विसंबू नका, त्यातलं कॅल्शियम शरीराला फारसं मिळत नाही. त्यापेक्षा मेथी, मुळ्याचा पाला आणि शेवग्याचा पाला चांगला. शेवगा तर कुणाच्या ना कुणाच्या परसात असतोच!

प्रथिनांसाठी डाळी-उसळी रोज हव्यात. सोयाबीनच्या वड्यांत निम्मं वजन प्रथिनांचंच असतं, आणि सुट्ट्या घेतल्या तर त्या पुष्कळ स्वस्त पडतात. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा, मग त्यांचा उग्र वास जातो.

एक गोळी टाळू नका

आता जरा गंभीरपणे सांगते. बी १२ हे जीवनसत्त्व धान्य, भाजी, कडधान्य यांतून मिळत नाही. शरीरात त्याचा साठा असतो, त्यामुळे कमतरता लगेच कळत नाही. पुढे थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि दुर्लक्ष केलं तर मज्जातंतूंना इजा होते. आमच्या पुतणीचं रक्त तपासलं तेव्हा प्रमाण कमीच निघालं. दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसांतही ते पुष्कळदा कमी असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी दिलेली गोळी ती आता नेमाने घेते. म्हणून दूध सोडणाऱ्या मुलांना रागावत बसण्यापेक्षा त्यांना डॉक्टरांकडे न्या, आणि रतिबाचे वाचलेले थोडे पैसे या गोळीसाठी बाजूला ठेवा. घरात तान्हं बाळ असेल तर आईच्या दुधाऐवजी हे शेंगदाण्याचं दूध त्याला चुकूनही देऊ नका.

पाकीट उलटून बघा

पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी, दुधाशिवायचा नव्हे. साध्या बिस्किटांत, पावांतसुद्धा दुधाची पावडर असते. मागच्या बाजूला 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसीन' असे शब्द दिसले की पाकीट परत फळीवर. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ साली सरकारने वेगळे नियम केले, त्यांच्यासाठी पान असलेली हिरवी 'व्ही' ही खूण आहे. पण तूरडाळीला नि गुळाला कसली आली खूण? खूण नाही म्हणून साधी वस्तू सोडून महागडी घेऊ नका.

खरेदी कधी करावी?

संक्रांतीच्या तोंडावर तिळाचा भाव चढतो, म्हणून ते महिनाभर आधीच घ्या. नवी नाचणी दिवाळीच्या सुमारास येते, तेव्हा दोन-तीन महिन्यांची एकदम भरा. आमसुलं उन्हाळ्याच्या अखेरीला घ्यावीत. पावसाळ्यात मात्र शेंगदाणे-तीळ पावशेर-अर्धा किलोच आणा, दमट हवेत ते खवट होतात.

महिनाअखेर हिशोबाची वही उघडा. एका बाजूला दूध, तूप, पनीर यांचे वाचलेले पैसे मांडा, दुसऱ्या बाजूला शेंगदाणे, नारळ, तीळ, वड्या आणि गोळ्या. आमच्याकडे वाचलेलीच बाजू जड भरली. तेव्हा मुलीने दूध सोडलं म्हणून घरात रोज वाद नकोत. तिला सरळ एक काम सांगा, रात्री शेंगदाणे भिजत घालायचं. व्रत तिचं, तर थोडे कष्टही तिचेच, नाही का?