मांडवी कोण सांभाळणार?

रत्नागिरी शहरात तिकीट न काढता, काहीही विकत न घेता आणि कुणाची परवानगी न मागता कोणत्याही थरातील कुटुंबाला दोन तास निवांत बसता येईल अशी जागा कोणती, या प्रश्नाला बहुतेक रत्नागिरीकर मांडवी हेच उत्तर देतील. रत्नदुर्गाचा डोंगर आणि काजळी नदीचे भाट्ये येथील मुख यांच्यामधला हा काळ्या वाळूचा किनारा आणि ‘गेटवे ऑफ रत्नागिरी’ या नावाने ओळखला जाणारा त्याचा धक्का ही या शहराची खरी सार्वजनिक बैठक आहे. त्यामुळे मांडवीच्या सुशोभीकरणाचा, म्हणजे फरसबंदी, कठडे, दिवे, बाके आणि छायाचित्रे काढण्याच्या जागा उभारण्याचा, विषय जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा तो केवळ पर्यटन खात्याचा किंवा ठेकेदारांचा उरत नाही. किनाऱ्यावर काय बांधायचे याची चर्चा आपल्याकडे हिरिरीने होते, मात्र बांधलेले सांभाळायचे कुणी, त्यासाठी दरवर्षीचा पैसा कुठून यायचा आणि त्या जागेवर पहिला हक्क कुणाचा, हे प्रश्न उद्घाटनाचा नारळ फुटेपर्यंत कुणी विचारत नाही. या शहराच्या किनाऱ्याचे भवितव्य मात्र याच तीन प्रश्नांवर अवलंबून आहे.

पाण्याकाठच्या पडीक जागांना नवे जीवन देण्याची कल्पना जगभर रुजली ती बंदरांचे स्वरूप बदलल्यामुळे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कंटेनरची, म्हणजे माल भरलेल्या एकसारख्या पोलादी पेट्यांची, वाहतूक सुरू झाल्यावर मोठ्या जहाजांना खोल पाणी आणि विस्तीर्ण आवार लागू लागले, आणि शहरांच्या पोटातले जुने धक्के ओस पडले. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने अशाच जुन्या बंदरात 1980 मध्ये ‘हार्बरप्लेस’ नावाचे दुकानांचे आणि खाद्यगृहांचे संकुल उभारले, आणि पुढे अनेक शहरांनी त्याचा कित्ता गिरवला. परंतु त्या जागेचा प्राण दुकानांत ठेवलेला असल्यामुळे गिऱ्हाईक आटताच तिची रया गेली, आणि 2019 मध्ये ते संकुल न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात द्यावे लागले. याउलट पणजीला नदीकाठ लाभला आहे, कांपालसारखी मोकळी मैदाने आणि चार्ल्स कोरिया यांनी आरेखित केलेली कला अकादमी लाभली आहे. तेथे 2004 पासून भरणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि 2016 पासूनचा सेरेंडिपिटी कला महोत्सव यांमुळे त्या काठाला वर्षाच्या अखेरीस वेगळेच रूप येते, आणि तरीही महोत्सव संपल्यानंतर कोणताही पणजीकर तिथे विनामूल्य फेरफटका मारू शकतो.

रत्नागिरीचा धक्का कंटेनरमुळे ओस पडला नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघून कोकणकिनाऱ्याची बंदरे घेत पणजीपर्यंत जाणारी आगबोट हा अनेक दशके या जिल्ह्याचा मुंबईशी असलेला मुख्य दुवा होता. बोट खोल पाण्यात नांगर टाकी, आणि उतारू व त्यांच्या पेट्या-वळकट्या पडावांतून, म्हणजे माणसे आणि माल किनाऱ्याला आणणाऱ्या रुंद होड्यांतून, धक्क्याला लागत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही. पुढे रस्ते सुधारले, एसटी गावोगावी पोहोचली, आगबोटी थांबल्या, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि बंदराचे काम संपलेल्या मांडवीला शहराने हळूहळू, कोणत्याही आराखड्याशिवाय, आपली संध्याकाळची जागा करून घेतले. वास्तुविशारद किंवा सल्लागार नेमून घडलेले हे पुनरुज्जीवन नव्हते. भेळेच्या गाड्या, बर्फाचे गोळे, वाळूत किल्ले करणारी मुले, कठड्यावर बसलेले निवृत्त शिक्षक आणि खाडीच्या मुखाशी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पाग फेकणारे मच्छीमार यांनी ते घडवले. पाग म्हणजे कडेला शिशाच्या गोळ्या लावलेले गोल हातजाळे, जे हवेत उघडून पाण्यावर छत्रीसारखे पडले पाहिजे, आणि ते नीट उघडले की धक्क्यावरची गर्दी आजही क्षणभर बोलणे थांबवून तिकडे पाहते.

या किनाऱ्याला बांधकामाच्या मर्यादा निसर्गाने घालून दिल्या आहेत, आणि त्या समजून न घेता केलेला खर्च पाण्यात जातो, हे रत्नागिरीइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असू नये. मांडवीची वाळू काळी दिसते ती इल्मेनाइटसारख्या, म्हणजे लोह आणि टायटॅनियम असलेल्या, जड खनिजांच्या कणांमुळे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झिजून नद्यांबरोबर आलेले हे कण लाटा किनाऱ्यावर निवडून ठेवतात आणि हलकी वाळू ओढून नेतात. ही निवड अखंड चालू असते. पावसाळ्यात किनारा खचतो, हिवाळ्यात पुन्हा भरतो, आणि या येण्याजाण्याच्या वाटेत उभी भिंत घातली की तिच्यावर आदळून परतणारी लाट भिंतीच्याच पायातली वाळू उपसते. शहराच्या उत्तरेला मिऱ्या येथील बंधारा पावसाळ्यामागून पावसाळ्यात खचत आणि दुरुस्त होत आला आहे, तो यामुळेच. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज त्याच मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन अडकले, तेव्हा या समुद्राच्या ताकदीचा पुरावा शहराच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या आणि खारे वारे बारमाही सोसणाऱ्या गावात लोखंडी कठडे गंजतात, दिव्यांच्या खांबांतली जोडणी दोन पावसाळ्यांत कुजते, आणि शोभेच्या फरशांवर शेवाळ चढून त्या घसरड्या होतात. येथे टिकते ते जांभ्या दगडाचे साधे, दुरुस्त करता येण्याजोगे बांधकाम आणि झाडांची सावली.

दुसरी मर्यादा कायद्याची. सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सर्वसामान्यांच्या तोंडी असलेल्या ‘सीआरझेड’ची, पहिली अधिसूचना 1991 मध्ये निघाली, नंतर 2011 आणि 2019 मध्ये ती नव्याने आली, आणि प्रत्येक वेळी काही सवलती वाढल्या असल्या तरी भरतीरेषेजवळ पक्के बांधकाम मनाला येईल तसे करता येत नाही हे तत्त्व कायम राहिले. याच जिल्ह्यात गुहागरच्या किनाऱ्यावर सार्वजनिक पैशातून उभारलेली ‘सी व्ह्यू गॅलरी’ हरित लवादात प्रकरण गेल्यानंतर पाडावी लागली. बांधायचा खर्च जनतेचा आणि पाडायचाही जनतेचाच, असा हा व्यवहार झाला. त्याच गुहागरचा आणि दापोली तालुक्यातील लाडघरचा किनारा 2025 मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकनासाठी पुढे आला, ही गोष्ट म्हणूनच अधिक बोलकी आहे. डेन्मार्कमधील एका संस्थेकडून दिल्या जाणाऱ्या या मानांकनाचे 33 निकष पाण्याची शुद्धता, कचऱ्याची व्यवस्था, जीवरक्षकांची नेमणूक, स्वच्छतागृहे, अपंगांना पाण्यापर्यंत पोहोचण्याची सोय आणि पर्यावरण शिक्षण यांभोवती फिरतात. भव्य वास्तू उभारण्याचा निकष त्यांत नाही.

किनाऱ्यावरील मोकळ्या जागेतील कार्यक्रमांचा विचार करताना रत्नागिरीला कुणाकडून उसना महोत्सव आणण्याची गरज नाही, कारण या किनाऱ्याचे स्वतःचे पंचांग आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करण्यासाठी मांडवीला लोटणारी गर्दी, गणेशोत्सवातील विसर्जने आणि शिमग्यात बारा वाड्यांचे ग्रामदैवत असलेल्या श्रीदेव भैरीच्या पालखीमागे निघणारे शहर हे येथील मूळचे उत्सव होत. त्यांना निमंत्रणपत्रिका लागत नाही. नव्याने रुजलेल्या कार्यक्रमांतही अनुकरणीय उदाहरणे घरचीच आहेत. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी 1910 च्या सुमारास बांधलेल्या राजवाड्याच्या प्रांगणात ‘आर्ट सर्कल’ ही स्थानिक संस्था गेली अनेक वर्षे संगीत महोत्सव भरवते, आणि त्यासाठी त्या वास्तूची एक वीटही हलवावी लागलेली नाही. मंडणगड तालुक्यातील वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने 2002 मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले. त्यातून उभा राहिलेला कासव महोत्सव पिल्ले घरट्यातून बाहेर पडण्याच्या वेळापत्रकाने चालतो, पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात आणि पैसा गावातच राहतो. किनाऱ्याने माणसांचे वेळापत्रक ठरवावे, हा वेळासचा धडा मांडवीने घेतला पाहिजे. ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारून मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या कार्यक्रमांना त्यात जागा असू नये. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांना मनाई आहे, सणासुदीसाठी मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवसच देता येते, आणि ते दिवस कोणते हे किनाऱ्यालगत राहणाऱ्या कुटुंबांना वर्षाच्या सुरुवातीलाच कळायला हवे.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला मांडवीवर गेल्यास सांभाळण्याचा प्रश्न किती खरा आहे ते दिसते. काळ्या वाळूत अर्धवट रुतलेले प्लास्टरचे हात, मखराचा थर्माकोल, निर्माल्याच्या फुगलेल्या पिशव्या आणि त्यांतून वाट काढणारे नगरपरिषदेचे मोजके सफाई कामगार असे ते दृश्य असते. शाडूच्या मूर्तींची परंपरा जपणाऱ्या कोकणाला ही स्थिती शोभणारी नाही. हे कामगार आणि त्यांना मदत करणारे स्वयंसेवक हेच या किनाऱ्याचे खरे व्यवस्थापक आहेत, मात्र त्यांच्या हातमोज्यांसाठी, वाहनासाठी आणि जादा पाळीच्या मोबदल्यासाठी किनाऱ्याच्या नावाने स्वतंत्र रक्कम ठेवण्याची निकड शोभेच्या कमानीइतकी कुणाला जाणवत नाही.

पहिल्या हक्काचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि त्याबाबत स्पष्ट भूमिका घेणे आवश्यक आहे. भाट्ये खाडीच्या मुखाशी साचणारा गाळ ही राजिवडा आणि परिसरातील मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. गाळामुळे होड्यांना भरतीची वाट पाहावी लागते आणि मुखाशी उसळणाऱ्या लाटांत त्या उलटण्याचा धोका असतो. ज्या पाण्याकडे पर्यटक पाहायला येतात त्या पाण्यातून ये-जा करणाऱ्यांची वाट मोकळी करण्याआधी त्याच्या काठावर रंगीत दिवे लावणे अन्यायाचे ठरेल. ओहोटीला खडकांवर कालवे, म्हणजे शिंपल्यातील खाद्य जीव, काढणाऱ्या स्त्रियांना आणि पाग घेऊन येणाऱ्यांना कोणत्याही नव्या कुंपणाने किंवा प्रवेशशुल्काने अडवता कामा नये. गाडीवाल्यांचेही तसेच. राज्याने 2020 मध्ये आणलेल्या किनारी कुटी धोरणात, म्हणजे वाळूवर तात्पुरत्या खाद्यकुटी उभारू देण्याच्या धोरणात, 80 टक्के रोजगार स्थानिकांना देण्याची अट घातली गेली. आरे-वारे आणि गुहागर हे या जिल्ह्यातील किनारे त्या धोरणाच्या पहिल्या यादीत होते. मांडवीच्या गाड्यांना तेच तत्त्व लावून त्यांना ठरलेली जागा, पाणी आणि सांडपाण्याची सोय मिळाली, तर त्यांना हटवण्याचा विषयच उद्भवणार नाही.

हे सारे रखडते ते मालकी विभागलेली असल्यामुळे. धक्का आणि बंदर 1996 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत, धूपप्रतिबंधक बंधारे पत्तन विभागाकडे, किनाऱ्याची जमीन महसूल खात्याकडे, पर्यटनाचा निधी पर्यटन विभागाकडे, बांधकामाची संमती किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आणि झाडू मात्र नगरपरिषदेच्या हाती, अशी ही वाटणी आहे. बिघडलेला दिवा कुणाचा, हे ठरेपर्यंत दुसरा पावसाळा येतो. भांडवली कामासाठी राज्याकडून निधी मिळवणे लोकप्रतिनिधींना सोपे जाते, कारण त्यावर नावाची पाटी लागते, आणि देखभालीवर पाटी लागत नाही. या एका कारणाने कोकणातील किती बागा, किती प्रेक्षागॅलऱ्या आणि किती स्वच्छतागृहे कुलूपबंद पडली आहेत, हे जिल्ह्यात फिरणाऱ्या कुणालाही दिसते.

यावर उपाय अवघड नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी या सर्व खात्यांचे प्रतिनिधी, मच्छीमार सोसायट्या, गाडीवाले आणि परिसरातील रहिवासी यांची एकच मांडवी व्यवस्थापन समिती नेमावी, तिच्या बैठकांचे इतिवृत्त जाहीर करावे आणि वर्षभराच्या कार्यक्रमांचे वेळापत्रक तिच्याकडूनच मंजूर व्हावे. नगरपरिषदेने येत्या अंदाजपत्रकात मांडवीच्या देखभालीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, आणि कोणत्याही नव्या बांधकामाच्या प्रस्तावासोबत त्याच्या पुढील दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद जोडलेली नसेल तर तो प्रस्ताव सभागृहाने परत पाठवावा. रत्नागिरीकरांनीही आपल्या प्रभागातील सदस्याला गटार आणि रस्त्याइतक्याच आग्रहाने विचारावे की मांडवीच्या नावाने यंदा किती रक्कम ठेवली आहे आणि मागच्या वर्षीची कशावर खर्च झाली.